सांभाळणाऱ्यांचा सांभाळ : वृद्धसेवेच्या संशोधनाचा इतिहास

वृद्धांची सेवा हा विषय आपल्या घरांना नवा नाही. आईबापांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाने दारी आलेल्या देवालाही विटेवर तिष्ठत ठेवले, ही कथा महाराष्ट्रातील लहान मूलही जाणते. परंतु सेवेला पुण्यकर्म म्हणून गौरविणे निराळे आणि ती कशा रीतीने केली असता वृद्धास अधिक सुख लाभते, ती करणाऱ्याच्या देहावर व मनावर तिचा काय परिणाम होतो, हे पाहणी व मोजमाप करून ठरविणे निराळे. पहिली गोष्ट हजारो वर्षांची आहे. दुसरीला जेमतेम शतक लोटले आहे. या शतकात वृद्धसेवेविषयीचे संशोधन कोणत्या मार्गाने गेले, याचा संक्षिप्त आढावा ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. हा इतिहास बराचसा इंग्लंड-अमेरिकेत घडला असला, तरी त्याचा एक मोलाचा अध्याय आपल्या शेजारी गोमंतकात लिहिला गेला आहे, आणि त्याचे तात्पर्य तर आपल्या प्रत्येक घराशी निगडित आहे.

निराधारगृहातून रुग्णालयाकडे

पाश्चात्य समाजात मुले आईबापांना विचारीत नाहीत, असा एक समज आपल्याकडे दृढ आहे. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. इंग्लंडमध्ये १६०१ च्या गरिबांविषयीच्या कायद्यानेच ऐपतदार मुलांवर निर्धन आईबापांच्या पोषणाची जबाबदारी टाकली होती आणि ही व्यवस्था १९४८ पर्यंत, म्हणजे सुमारे साडेतीनशे वर्षे कायद्यात टिकून होती. ज्यांस कोणी नव्हते किंवा ज्यांचे आप्त स्वतःच दरिद्री होते, अशांची रवानगी सार्वजनिक निराधारगृहात होई. १८३४ च्या कायद्याने या गृहांतील राहणी हेतुपुरस्सर कठोर ठेवली, कारण धडधाकट माणसाने आळसाने तेथे येऊ नये, अशी राज्यकर्त्यांची दृष्टी होती. परिणाम असा झाला की धडधाकट माणसे दूर राहिली आणि म्हातारे, आजारी व अपंग तेवढे तेथे साचत गेले. १९०८ साली वृद्धांस निवृत्तिवेतन देण्याचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्या गरजूंना आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग मिळू लागले. पोटाचा प्रश्न अंशतः सुटला. शुश्रूषेचा प्रश्न होता तेथेच राहिला.

त्याच १९०९ साली अमेरिकेत न्यूयॉर्क येथील डॉ. इग्नाट्स नॅशर यांनी वृद्धांच्या चिकित्सेसाठी 'जेरिअॅट्रिक्स' हा शब्द प्रथम योजिला. बालरोगचिकित्सा ही जशी वैद्यकाची स्वतंत्र शाखा, तशीच जराचिकित्साही असावी, हे त्यांचे प्रतिपादन होते. १९१४ साली त्यांनी या विषयावर ग्रंथही सिद्ध केला. 'वय झाले, आता काय व्हायचे!' हे उद्गार त्या काळच्या वैद्यांच्या तोंडी सर्रास असत. वार्धक्य हा स्वतः रोग नव्हे आणि वृद्धाला झालेला रोग हा रोगच होय, हे नॅशर यांचे म्हणणे आज साधे वाटते. त्या काळी ते पुष्कळांना पटले नाही.

ते कृतीने सिद्ध केले एका स्त्रीने. डॉ. मार्जरी वॉरेन (१८९७–१९६०) या लंडनच्या पश्चिमेस वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात शल्यचिकित्सक म्हणून काम करीत. १९३५ साली शेजारच्या निराधारगृहाचा दवाखाना त्या रुग्णालयास जोडला गेला आणि तेथील ७१४ रुग्णांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. यांतील कित्येक जण वर्षानुवर्षे अंथरुणावर पडून होते. कोणास पक्षाघात झालेला, कोणाचे हाड मोडून कसेबसे सांधलेले, कोणी नुसताच अशक्त. परंतु नेमके काय झाले आहे, याचा तपास कोणी केलेला नव्हता. डॉ. वॉरेन यांनी प्रत्येकाची तपासणी केली, रोगानुसार व गरजेनुसार वर्गवारी केली आणि उपचार सुरू केले. त्यांच्या ध्यानात आले की पडून राहिल्यानेच स्नायू क्षीण होतात, सांधे आखडतात, पाठीला व्रण पडतात. म्हणजे ज्या खाटेवर विश्रांतीसाठी निजविले, ती खाटच व्याधीचे कारण होऊन बसते. त्यांनी दालनांना उजळ रंग दिला, उजेड वाढविला, खाटांशेजारी खुर्च्या आणविल्या आणि रुग्णांना उठवून बसविण्यास, मग उभे करण्यास, मग चालविण्यास आरंभ केला. कित्येक जण स्वतःच्या पायांनी घरी गेले. खाटांची संख्या पुढे २४० पर्यंत खाली आली. १९४३ व १९४६ साली त्यांनी आपले अनुभव वैद्यकीय नियतकालिकांतून प्रसिद्ध केले. ब्रिटनमधील जराचिकित्सेचा पाया त्या लेखांनी घातला, असे मानले जाते.

आपल्याकडे आजही आजीचे हाड मोडले की घरातील मंडळी मायेपोटी तिला हलू देत नाहीत. तिच्या हाताखालचा पेला, तिची काठी, तिचे देवपूजेचे तबक, सारे काही प्रेमाने काढून घेतले जाते. डॉक्टरांनी परवानगी दिल्यानंतरही हा क्रम चालू राहिला, तर ती माया अपायकारक ठरते, हा डॉ. वॉरेन यांच्या कार्याचा धडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

घराच्या उंबरठ्याआत

रुग्णालयातील वृद्धांचा अभ्यास अशा रीतीने सुरू झाला. परंतु बहुसंख्य वृद्ध तर घरीच होते. त्यांची पाहणी डॉ. जोसेफ शेल्डन यांनी इंग्लंडमधील वुल्व्हरहॅम्प्टन या कारखान्यांच्या शहरात केली. महायुद्धामुळे त्या वेळी प्रत्येक नागरिकाचे नाव शिधावाटपाच्या नोंदींत होते. त्या नोंदींतून ठरावीक प्रमाणात वृद्धांची नावे निवडून त्यांच्या घरी जाऊन ही पाहणी करण्यात आली. १९४८ साली तिचा अहवाल ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. वृद्धांची सेवा संस्था करीत नसून कुटुंबे करीत आहेत, त्यातही तो भार मुख्यत्वे घरातील स्त्रियांवर, विशेषतः मुलींवर पडतो आणि त्यापायी तरुण पिढीची प्रकृती व उमेद खर्ची पडते, हे या पाहणीतून पुढे आले. डॉक्टर वृद्धाला तपासण्यास घरात गेले आणि त्यांची दृष्टी वृद्धाच्या उशाशी बसलेल्या व्यक्तीकडे वळली, हा या इतिहासातील एक महत्त्वाचा क्षण होय.

पीटर टाउनसेंड या समाजशास्त्रज्ञाने हाच धागा पुढे नेला. पूर्व लंडनमधील बेथनल ग्रीन या कष्टकरी वस्तीतील निवृत्तीच्या वयाच्या २०३ व्यक्तींच्या मुलाखतींवर आधारलेला त्यांचा ग्रंथ १९५७ साली निघाला. महानगरातही आई, मुली व नातवंडे यांची घरे जवळजवळ असून त्यांच्यात नित्य देवघेव चालते, हे त्यांनी दाखविले. संस्थेत दाखल होण्याची पाळी बहुधा अविवाहित, निपुत्रिक किंवा मुलगी नसलेल्या वृद्धांवर येते, हाही निष्कर्ष त्यातून निघाला. पुढे त्यांनी इंग्लंड व वेल्समधील १७३ वृद्धनिवासांना भेटी दिल्या आणि १९६२ साली त्यांचे वास्तव चित्र जनतेपुढे मांडले. निराधारगृहे कायद्याने संपली होती. परंतु त्याच जुन्या इमारतींत, त्याच लांबलचक दालनांत अनेक वृद्ध अजून दिवस कंठीत होते. नाव बदलल्याने व्यवस्था बदलत नाही, हे त्या ग्रंथाने दाखवून दिले.

सेवा करणारी स्त्री बोलू लागते

आतापर्यंत बोलत होते ते डॉक्टर व समाजशास्त्रज्ञ. सेवा करणारी व्यक्ती स्वतः बोलू लागली ती १९६० नंतरच्या दशकात. मेरी वेबस्टर या धर्मोपदेशिकेने १९५४ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, वृद्ध आईवडिलांच्या शुश्रूषेसाठी आपले काम सोडले होते. आईबापांची सेवा करण्याकरिता उपजीविका सोडलेल्या अविवाहित मुलींची अवस्था त्यांनी १९६३ साली वृत्तपत्रांना पत्रे लिहून मांडली. तशाच स्थितीतील असंख्य स्त्रियांची पत्रे त्यांना आली. त्यांतून १९६५ साली अविवाहित स्त्री व तिच्यावर अवलंबून असणारे आप्त यांच्यासाठी एक राष्ट्रीय परिषद उभी राहिली. वेबस्टर १९६९ साली निवर्तल्या. त्यांचे कार्य मात्र चालू राहिले.

१९७६ साली ब्रिटनमध्ये घरी शुश्रूषा करणाऱ्यांसाठी भत्ता सुरू झाला. त्यातून विवाहित स्त्रियांना वगळण्यात आले. त्या घरीच असतात, मग त्यांचे उत्पन्न बुडते कोठे, असा त्यामागील विचार होता! आईची सेवा करणाऱ्या एका विवाहित स्त्रीने याविरुद्ध दाद मागितली आणि १९८६ साली युरोपीय न्यायालयाने तिच्या बाजूने निर्णय दिला. १९९५ च्या कायद्याने तर सेवा करणाऱ्याच्या स्वतःच्या गरजांची पाहणी करून घेण्याचा हक्क मान्य केला. ज्या व्यक्तीचे अस्तित्वच कागदोपत्री नव्हते, ती तीस वर्षांत कायद्याच्या भाषेत आली.

अमेरिकेत याच सुमारास, १९८१ साली, एलेन ब्रॉडी यांनी एका बाजूस वृद्ध आईवडील व दुसऱ्या बाजूस स्वतःचा संसार आणि नोकरी यांच्या कात्रीत सापडलेल्या मध्यमवयीन स्त्रियांची स्थिती अभ्यासपूर्वक वर्णिली. त्याच वर्षी नॅन्सी मेस व पीटर रॅबिन्स यांचे स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या आप्तांसाठी लिहिलेले पुस्तक निघाले. अशा घरातील दिवस छत्तीस तासांचा भासतो, हेच त्याच्या नावातून सुचविले आहे. ज्या घरात रात्री-अपरात्री दार उघडून बाहेर निघणारा, जेवण होऊनही जेवलो नाही म्हणणारा, आपल्याच मुलीला परकी समजणारा वृद्ध आहे, त्या घराला या नावाचा अर्थ उलगडून सांगावा लागत नाही.

भाराचे मोजमाप

शास्त्राला मोजमाप लागते. मनावरचा भार मोजावा कसा? १९८० साली स्टीव्हन झॅरिट व त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी एक प्रश्नावली तयार केली. स्वतःसाठी वेळ उरतो काय, प्रकृतीवर परिणाम झाला आहे काय, खर्चाची ओढाताण होते काय, चीड येते काय, असे ते प्रश्न. स्मृतिभ्रंश झालेले २९ वृद्ध आणि त्यांची सेवा करणारे २९ आप्त यांची त्यांनी पाहणी केली. रुग्णाची वागणूक जितकी बिघडलेली, तितका सेवा करणाऱ्याचा भार अधिक, अशी कोणाचीही अपेक्षा असणार. या पाहणीत तसे आढळले नाही. भाराचा संबंध आढळला तो एका वेगळ्याच गोष्टीशी, म्हणजे घरी इतर नातलग किती वेळा भेटीस येतात, याच्याशी. ज्यांच्याकडे येणेजाणे अधिक, त्यांना भार कमी वाटत होता.

पाहणी लहान होती, हे खरे. पुढील मोठ्या अभ्यासांत रुग्णाच्या बिघडलेल्या वागणुकीचाही परिणाम दिसून आला. तथापि आप्तांच्या आधाराचे महत्त्व त्यामुळे कमी झाले नाही, आणि ती प्रश्नावली तर सुधारित रूपात आजही अनेक देशांत वापरली जाते.

हा भार केवळ मनाचा नव्हे. १९९९ साली रिचर्ड शुल्झ व स्कॉट बीच यांनी अमेरिकेतील वृद्ध जोडप्यांचा चार वर्षांचा मागोवा प्रसिद्ध केला. त्यात पतीची किंवा पत्नीची सेवा करणारे ३९२ जण होते व तशी जबाबदारी नसलेले ४२७ होते. सेवा करताना ज्यांना ताण जाणवत होता, त्यांचा त्या चार वर्षांतील मृत्यूचा धोका सेवेची जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक आढळला. सेवा करीत असूनही ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात अशी वाढ दिसली नाही. सेवा घातक नव्हे. आधाराविना, विश्रांतीविना, एकट्याने ओढलेली सेवा घातक होय, असाच याचा मथितार्थ घ्यावा लागतो.

न्यूयॉर्क आणि गोमंतक

दुखणे कळले, उपाय कोणता? न्यूयॉर्क विद्यापीठात मेरी मिटलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ पासून एक प्रयोग चालविला. स्मृतिभ्रंश झालेल्या पतीची वा पत्नीची सेवा करणाऱ्या २०६ व्यक्तींची त्यात दोन गटांत यदृच्छेने विभागणी केली. एका गटाला नेहमीची मदत मिळाली. दुसऱ्या गटातील व्यक्तीशी दोनदा एकांतात व तिच्या कुटुंबीयांसह चारदा सविस्तर सल्लामसलत करण्यात आली, समदुःखी लोकांच्या मंडळात तिला सामील करून घेण्यात आले आणि अडचणीच्या वेळी दूरध्वनीवरून सल्ला मिळण्याची सोय ठेवण्यात आली. औषध नाही, यंत्र नाही. केवळ बोलणे आणि कुटुंबाला एकत्र बसविणे. १९९६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दुसऱ्या गटातील रुग्णांना शुश्रूषागृहात ठेवण्याची वेळ सरासरीने ३२९ दिवस उशिरा आली. २००६ साली ४०६ जणांच्या दीर्घ पाहणीत तर हे अंतर ५५७ दिवसांचे, म्हणजे सुमारे दीड वर्षाचे भरले. सेवा करणाऱ्याला आधार दिला असता वृद्धाचाच स्वतःच्या घरातील वास वाढतो, हे यावरून सिद्ध झाले.

परंतु हे झाले धनाढ्य देशाचे. जगातील स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांपैकी सुमारे दोनतृतीयांश विकसनशील देशांत असताना त्यांच्याविषयीचे संशोधन एकूण संशोधनाच्या दहा टक्केही नव्हते. ही विषमता दूर करण्यासाठी १९९८ साली कोचीन येथील परिषदेत संशोधकांचा एक आंतरराष्ट्रीय गट स्थापन झाला व त्याने या आकड्यांवरूनच '१०/६६' हे नाव धारण केले. याच चळवळीतून गोव्यातील प्रयोग जन्मास आला. डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला आणि २००८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

गोव्यातील दोन तालुक्यांतून ८१ कुटुंबे निवडण्यात आली. त्यांपैकी ४१ कुटुंबांना तत्काळ मदत मिळाली. उरलेल्यांना ती सहा महिन्यांनी मिळावयाची होती. मदत करणारे कोणी तज्ज्ञ डॉक्टर नव्हते. स्थानिक भाषा जाणणारे, उच्च माध्यमिक शिक्षण झालेले व वृद्धांविषयी आस्था असलेले गावचेच लोक निवडून त्यांना एक आठवड्याचे शिक्षण देण्यात आले. निदान पंधरा दिवसांतून एकदा त्यांनी घरी जावे, आजाराचे स्वरूप कुटुंबाला समजावून सांगावे, वागणुकीतील अडचणी कशा हाताळाव्यात ते सांगावे, सरकारी योजनांची माहिती द्यावी आणि सेवा करणाऱ्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, असे त्यांचे काम होते. गरजेप्रमाणे मनोविकारतज्ज्ञाचे साहाय्य मिळे. सहा महिन्यांअखेर सेवा करणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य लक्षणीय प्रमाणात सुधारल्याचे व त्यांची त्रस्तता कमी झाल्याचे आढळले. कुटुंबांची संख्या अल्प असली, तरी मोठी इस्पितळे व मोठा पैसा नसतानाही हे काम होऊ शकते, हे आपल्याच भूमीवर दिसून आले. सुशिक्षित, सहृदय आणि नियमाने येणारा माणूस, एवढेच त्याचे भांडवल होते.

आपल्या घरांकडे

२०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील भारतीयांची संख्या १० कोटी ३८ लाख भरली. मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने २०१७-१८ साली पंचेचाळीस वर्षांवरील ७२,२५० व्यक्तींची देशव्यापी पाहणी झाली. तिच्या अनुषंगाने केलेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार साठीपुढील भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख रुग्ण, इतके आढळले. यांतील बहुतेक जण घरीच आहेत. तेव्हा जितके रुग्ण, निदान तितकेच सेवा करणारे.

२००७ साली आपल्या संसदेने आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या पोषणाचा कायदा केला. अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचार यांची तरतूद करण्याचे बंधन त्याने अपत्यांवर घातले, हे योग्यच झाले. परंतु त्या मूळ कायद्यातील 'अपत्ये' या संज्ञेत मुलगा, मुलगी, नातू व नात येतात. सुनेचे नाव तेथे नाही. कायद्याच्या दृष्टीने जिच्यावर जबाबदारी नाही, तीच आपल्या असंख्य घरांत पहाटेच्या औषधापासून रात्रीच्या अंथरुणापर्यंत सर्व काही करते. तिच्या विश्रांतीविषयीही कायद्यात अक्षर नाही. ते कायद्याने आणता येईल की नाही, हा प्रश्न विद्वानांवर सोपवू. कुटुंबाने व आप्तांनी ते आणावे, याला कोणाची हरकत आहे?

आपण ज्ञातिबंधू म्हणजे अखेर एकमेकांचे सोयरेधायरेच. लग्नाला, बारशाला, तेराव्याला आपण जमतो. ज्या घरात कोणी वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळून आहे, तेथे मात्र पहिल्या महिन्यात रीघ लागते आणि पुढे पुढे उंबरठा ओस पडतो. जे थोडे येतात, ते रुग्णाची चौकशी करतात, चहा घेतात, दोन उपदेश करतात व निघतात. सेवा करणारीचे काम त्या भेटीने वाढलेलेच असते. वर वर्णिलेल्या संशोधनाचा अर्थ मनावर घ्यावयाचा, तर भेटीची रीत बदलली पाहिजे. भेटीस जाणाऱ्याने दोन-तीन घटका नव्हे, दोन-तीन तास रुग्णापाशी बसावे आणि घरच्या बाईला झोपू द्यावे, बाजारात जाऊ द्यावे, तिच्या माहेरी जाऊ द्यावे. परगावी वा परदेशी असलेल्या मुलांनी पैसा पाठवावाच. परंतु वर्षातून काही आठवडे प्रत्यक्ष येऊन सेवेची पाळी स्वतःकडे घ्यावी. भावाबहिणींनी एकत्र बसून कोणी काय करावयाचे, हे भांडण होण्यापूर्वी ठरवावे. आणि रुग्णाच्या प्रकृतीची चौकशी करताना सेवा करणाऱ्याच्याही प्रकृतीची चौकशी करावी, तिलाही डॉक्टरकडे नेऊन आणावे.

ज्ञातीच्या संमेलनांत पंच्याहत्तरी व सहस्रचंद्रदर्शन पार पडलेल्या वडीलधाऱ्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. तो यथोचितच आहे. परंतु ज्यांच्या सेवेमुळे हे वडीलधारे तो दिवस पाहू शकले, त्यांची नावे तेथे उच्चारली जात नाहीत. आणि जे वडील अंथरुणावर आहेत, त्यांची सेवा करणारी सून वा मुलगी त्या समारंभास बहुधा आलेलीही नसते. घरी कोणीतरी थांबावे लागते. पुढील संमेलनाच्या दिवशी प्रत्येक कुटुंबाने आपल्या आप्तांत असे एक घर शोधावे आणि त्या दिवशी तेथे थांबण्यास आपल्यापैकी एकाने जावे.